यंत्राला सातबारा नसतो

बैल घ्यायला बाजारात गेलात की तुम्ही काय करता? दात मोजता, खूर उचलून बघता, शिंगे आणि भोवरा न्याहाळता, चार पावले चालवून बघता. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरला तरी पावती झाल्याशिवाय दावे हातात घेत नाही. त्या पावतीवर जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, अंगावरच्या खुणा, विकणाऱ्याचे नाव आणि गाव असे सगळे लिहिलेले असते. उद्या कुणी दाव्याला हात घातला तर दाखवायला आपल्याकडे कागद असतो.

मग असे का होते, की हाच चोख माणूस गावासाठी लाखांची यंत्रे घेताना कागद मागायला लाजतो?

आमच्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कुणा एकाचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी तीस वर्षे डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी वयोमानाने काम थांबवले. मुले परगावी, दवाखाना पुढे चालवणारे कुणी नाही. जवळच्या गावातल्या एका सेवाभावी मंडळाने ठरवले, की ही यंत्रे आपण घेऊ आणि आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर गावातच बोलावू. उसाचे बिल आले तेव्हा घरटी वर्गणी निघाली. साडेतीन लाख रुपये जमले. डॉक्टर देवमाणूस. ‘कागदबिगद कशाला डॉक्टर, तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,’ असे मंडळीच म्हणाली. वहीच्या पानावर एक ओळ लिहिली गेली: ‘डोळ्यांच्या दवाखान्याचे सर्व सामान, रुपये साडेतीन लाख रोख मिळाले.’ खाली सही. टेंपो भरून सामान गावात आले.

ऑपरेशनचा मायक्रोस्कोप मात्र त्या दिवशी आला नाही. ‘खोलीचा स्लॅब पडला की न्या,’ असे डॉक्टर म्हणाले होते. स्लॅब पडायच्या आत डॉक्टर वारले. वारस म्हणाले, मायक्रोस्कोप सौद्यात नव्हताच. गाव म्हणते, ‘सर्व सामान’ असे लिहिले आहे. वारस म्हणतात, सर्व म्हणजे टेंपोत गेले ते. दोघेही खोटे बोलत नसतील. ज्याला खरे माहीत होते तो माणूस गेला आणि कागद मुका आहे. त्यात एका बँकेचे पत्र आले, की नेलेल्या यंत्रांपैकी एकावर आमचे कर्ज बाकी आहे. आज ती खोली कुलपात आहे आणि गावातल्या म्हाताऱ्या पूर्वीसारख्याच एसटीने जिल्ह्याला जातात.

वाचकहो, ही वेळ आपल्याही गावावर येऊ शकते. तालुक्यातालुक्यात जुने डॉक्टर दवाखाने बंद करत आहेत. यंत्रे चालू स्थितीत असतात, किंमत नव्याच्या मानाने कमी असते आणि गावाला गरज असते. २०१५ ते २०१९ या काळात देशात झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतले सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. हे अंधत्व ऑपरेशनने जाणारे आहे. तेव्हा जुनी यंत्रे घेण्यात वाईट काही नाही. जरूर घ्या. पण कागद करून घ्या.

कायदा काय म्हणतो?

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. हलवता येणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे जंगम मालाच्या विक्रीला तो लागू होतो. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक सरपंचाला आणि मंडळाच्या सचिवाला ठाऊक असल्या पाहिजेत.

पहिली, सौदा तोंडी झाला तरी तो सौदाच असतो. म्हणजे ‘कागद नाही म्हणून व्यवहार नाही’ असे म्हणता येत नाही. अडचण येते ती नेमके काय ठरले हे शाबीत करताना.

दुसरी, जो मालक नाही त्याने माल विकला, तर घेणाऱ्याला साधारणपणे मालकी मिळत नाही. पैसे मोजले, पावती घेतली, तरी नाही. कायद्यात अपवाद आहेत, पण अपवादाच्या भरवशावर गावाची वर्गणी लावू नये.

तिसरी, ठरावीक वस्तू देण्याजोग्या स्थितीत असेल आणि सौदा बिनशर्त असेल, तर दुसरे काही ठरले नसल्यास मालकी सौद्याच्या क्षणीच बदलते. पैसे नंतर दिले, माल नंतर उचलला, तरीही. आणि मालकी ज्याची, साधारणपणे जोखीमही त्याची. टेंपो घाटात उलटला तर नुकसान कुणाचे? कागदावर काही नसेल तर बहुधा घेणाऱ्याचे. म्हणून ‘यंत्र गावात पोचून, बसवून, चालू करून दिल्यावर मालकी व जोखीम बदलेल’ असे एक वाक्य लिहून घ्यायला काय हरकत आहे?

चौथी, मालाच्या गुणवत्तेची हमी कायदा सहसा आपणहून देत नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावे, हाच नियम. ‘जसे आहे तसे’ असे लिहून दिले की जुन्या यंत्राबद्दल विकणाऱ्याची जबाबदारी बरीच कमी होते. त्यात विकणाऱ्याचे काही चुकत नाही, पण आपण काय पत्करतो आहोत हे तुम्हाला कळले पाहिजे.

बोजा कुठे दिसणार?

शेतजमीन घेताना तुम्ही सातबारा काढता. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का ते बघता. यंत्राला सातबारा नसतो. डॉक्टरांनीही यंत्रे अनेकदा कर्ज काढूनच घेतलेली असतात. यंत्र दवाखान्यात राहते आणि बँकेचा हक्क त्यावर बसतो. याला बँकेच्या भाषेत हायपोथिकेशन म्हणतात, आपल्या भाषेत बोजा. बाहेरून बघून तो दिसत नाही.

मग काय करायचे? मूळ खरेदीचे बिल मागा. यंत्र कर्जाने घेतले होते का, हे सरळ विचारा. घेतले असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. फिटले नसेल तर बँकेची लेखी परवानगी घ्या आणि पैसे थेट कर्जखात्यात भरण्याची अट घाला. तारणांची नोंद ठेवणारी सरसाई नावाची केंद्रीय नोंदणी २०११ पासून सुरू आहे. फी भरून तिथेही शोध घेता येतो. बिल डॉक्टरांच्या नावाचे आहे, की भागीदारी संस्थेच्या, की ट्रस्टच्या, हेही बघा. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या हव्यात, ट्रस्ट असेल तर विश्वस्तांचा ठराव हवा. डॉक्टर वारले असतील तर सगळ्या वारसांची संमती हवी. एका मुलाने ‘घेऊन जा’ म्हटले म्हणून ट्रॅक्टर लावू नका. जमिनीला सगळ्या भावाबहिणींच्या सह्या लागतात, त्या इथे का नकोत?

यादी हाच जीव

आता मुख्य गोष्ट. ‘सर्व सामान’ हे शब्द कागदावर येऊच देऊ नका. एकेका वस्तूची ओळ करा. वस्तूचे नाव, कंपनी, मॉडेल, यंत्रावर कोरलेला किंवा चिकटवलेला अनुक्रमांक, खरेदीचे साल, आजची स्थिती, सोबतचे सुटे भाग आणि तिची स्वतंत्र किंमत. अनुक्रमांक म्हणजे जनावराच्या कानातला बिल्ला. तो असला की वस्तू बदलली, हे सिद्ध करता येते. प्रत्येक यंत्राचा आणि त्याच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढून कागदाला जोडा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात काय काय असते, तेही समजून घ्या. स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून बसवतात आणि उजेडाची बारीक फट टाकून डोळा तपासतात ते यंत्र. त्याच्या भिंगांना आतून बुरशी लागली आहे का, ते बघायला लावा, दमट हवेत हे होते. ट्रायल सेट म्हणजे नंबर काढण्याच्या भिंगांची पेटी. तिच्यात दोनशेहून जास्त भिंगे असू शकतात, ती मोजून घ्या, उणी असतील ती लिहा. ऑटोरिफ्रॅक्टोमीटर म्हणजे लोक ज्याला कंप्युटरवरची तपासणी म्हणतात ते. लेन्सोमीटरने तयार चष्म्याचा नंबर कळतो. टोनोमीटर डोळ्याचा दाब मोजतो. केराटोमीटर आणि ए-स्कॅनच्या मापांवरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे ते ठरते. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाखाली हत्यारे निर्जंतुक करण्याचे भांडे. त्याची झडप, दाबाचा काटा, झाकणाचे रबर वेगवेगळे तपासून लिहा.

पैशापेक्षा डोळा मोठा

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? यंत्र सुरू झाले, दिवा लागला, बस्स. नाही बंधूंनो, इथेच चूक होते. इंजिन बिघडले तर ते बंद पडते, आपल्याला कळते. तपासणीचे यंत्र बिघडले तरी दिवा लागतो, आकडा येतो. फक्त तो आकडा चुकीचा असतो.

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. समजा टोनोमीटर पाच-सहा अंकांनी कमी दाखवतो आहे. ज्याचा दाब २६ आहे त्याला २० सांगितला जाईल. ‘ठीक आहे काका, जा घरी.’ काका घरी जातील आणि काचबिंदू आतून नजर खात राहील. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. ए-स्कॅनचेही तसेच. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या सुमारे अडीच नंबरचा फरक पडतो. ऑपरेशन छान होते, टाके नाहीत, दुखणे नाही, तरी आजीला दारातला माणूस ओळखू येत नाही. दोष डॉक्टरला लागतो, नशिबाला लागतो. यंत्राची दुरुस्ती-वही कुणी मागितलीच नव्हती.

म्हणून कागदात हेही लिहा: यंत्राची शेवटची मापतपासणी कधी झाली, कुणी केली, दुरुस्त्या कोणत्या झाल्या, पुस्तिका मिळाली का, सुटे भाग आजही मिळतात का. पैसे देण्यापूर्वी बाहेरचा तंत्रज्ञ बोलावून सगळी यंत्रे चालवून बघा आणि त्याचा सहीचा अहवाल जोडा. गावात आणून बसवल्यावर मापे पुन्हा जुळवून घ्या, कारण टेंपोतल्या हादऱ्यांनी ती हलू शकतात. माहीत असलेला दोष विकणाऱ्याने लपवू नये. लिहून दिलेला दोष त्याचेही रक्षण करतो.

यंत्रे कुणी दान दिली तरी हा नियम सुटत नाही. ‘धर्माची गाय अन् दात का गे नाही’ असे विचारू नये म्हणतात. गायीपुरते ते खरे. दान आलेल्या यंत्राचे दात मोजलेच पाहिजेत, कारण चावा आपल्या माणसाच्या डोळ्याला बसणार आहे. दानपत्रालाही तीच यादी लावा.

काय विकत मिळत नाही?

यंत्रांबरोबर रुग्णांची कागदपत्रे आपोआप मिळत नाहीत. कुणाच्या डोळ्यात काय दोष आहे, हा त्या माणसाचा खासगी मामला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. तेव्हा कपाटाबरोबर फायली आल्या तर परत करा आणि ‘रुग्णांची कागदपत्रे विकणाऱ्याकडे राहिली’ असे लिहा. यंत्राच्या किंवा कंप्युटरच्या पोटात रुग्णांची नावे असतील तर ती विकणाऱ्यानेच काढून द्यावीत.

डॉक्टरांचे नाव आणि पदवीही विकत मिळत नाही. जुनी पाटी उचलून नव्या खोलीवर लावू नका. त्यांच्या दवाखान्याची नोंदणीही यंत्रांबरोबर येत नाही. आणि यंत्र आले म्हणून मंडळाच्या कुणा हुशार पोराने डोळे तपासायला बसू नये. पात्र माणूस मिळाल्याशिवाय खोली उघडू नका.

आणखी एक. गर्भलिंग निदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे सोनोग्राफी यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला विकता येत नाही. डोळ्यांची काही यंत्रेही आवाजाच्या लहरींवर चालतात. तसे यंत्र यादीत असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आधी लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच पुढे जा.

पैसे आणि ग्रामपंचायत

वर्गणी रोख जमते, म्हणून पैसेही रोखच दिले जातात. तसे करू नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देवमाणूस डॉक्टरला आपल्या अडाणीपणाने कशाला अडचणीत टाकता? वर्गणीची पावती द्या, रक्कम बँकेत भरा आणि धनादेशाने द्या. काही भाग यंत्रे बसवून चालू झाल्यावर द्यायचा ठरवा. विकणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल तर त्याच्याकडून रीतसर बिल घ्या, नसेल तर तसे कागदात नमूद करा.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, आपल्यासाठी दोन शब्द. ग्रामपंचायतीच्या किंवा शासनाच्या निधीतून जुनी वस्तू घेता येते का, हे आधी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. फोनवरचे ‘चालेल’ लेखापरीक्षणात चालत नाही. ग्रामसभेत यादी वाचून दाखवा, ठरावात यादी जोडा. वस्तू ग्रामपंचायतीच्या झाल्या तर नमुना १६ च्या नोंदवहीत, म्हणजे जडवस्तूंच्या वहीत, एकेक वस्तू क्रमांकासह चढवा आणि तोच क्रमांक यंत्रावर रंगाने घाला. मंडळाने घेतल्या तर मंडळाच्या मालमत्तेच्या वहीत चढवा. ग्रामपंचायतीची खोली आणि मंडळाची यंत्रे असतील तर तेही लिहा. किल्ली कुणाकडे, वीजबिल कुणाचे, दुरुस्ती कुणी करायची, मंडळ मोडले तर यंत्रे कुणाची? हे आजच ठरवा. आज सगळे एका पंगतीला जेवता, म्हणून ठरवायला सोपे आहे.

कागद कसा असावा?

फार मोठी भाषा लागत नाही. वकिलांना दाखवा, मुद्रांक किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. मसुद्याचा गाभा असा ठेवा:

‘सोबतच्या यादीतील अनुक्रमांक १ ते अमुक या वस्तूंचा मी एकमेव मालक आहे. त्यांवर कोणत्याही बँकेचा, संस्थेचा किंवा व्यक्तीचा बोजा अगर हक्क नाही. असल्यास त्याची भरपाई मी करीन. यादीत नसलेली कोणतीही वस्तू या विक्रीत नाही. वस्तूंची स्थिती व ज्ञात दोष यादीत लिहिले आहेत. एकूण किंमत अमुक रुपये, पैकी अमुक रुपये आज धनादेशाने मिळाले, बाकी वस्तू चालू करून दिल्यावर मिळायचे आहेत. मालकी व जोखीम त्या दिवशी बदलेल. आज ताब्यात न दिलेल्या वस्तू अशा, त्या अमुक तारखेपर्यंत देईन. रुग्णांची कागदपत्रे या विक्रीत नाहीत.’

खाली तारीख, ठिकाण, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. यादीच्या प्रत्येक पानावर सही. दोन प्रती, एक त्यांना, एक आपल्याला. ताबा घेण्याच्या दिवशी वेगळी ताबापावती करा. त्या गावाने ‘आज ताब्यात न दिलेल्या वस्तू’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर मायक्रोस्कोपचा वाद उभाच राहिला नसता.

‘डॉक्टरांकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास,’ असे अजूनही काही जण म्हणतील. अहो, सख्खे भाऊ वेगळे होतात तेव्हा वाटणीपत्र करतात, ते काय अविश्वासाने? आज मनात आहे ते उद्या विसरू नये, आणि आपल्या मागे आपल्या पोरांनी भांडू नये, म्हणून करतात. ज्या डॉक्टरांनी तीस वर्षे तालुक्याचे डोळे सांभाळले, त्यांच्या नावाने शेवटी वाद व्हावा, हे आपल्यालाच शोभत नाही. कागद त्यांच्या शब्दाला त्यांच्या पश्चातही बोलते ठेवतो.

बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी हसण्यासाठी केलेली नाही. तुमच्या गावात असा सौदा चालू असेल तर टेंपो ठरवण्याआधी यादी करायला बसा. एक दुपार जाईल. पण त्या खोलीला कुलूप लागणार नाही, आणि हनुवटी टेकवून समोर बसलेल्या आजीला जो आकडा सांगितला जाईल, तो खरा असेल.